वाढत्या मापाचा बोर्ड

शाळेचा निळा स्कर्ट आईनं मला पाचवीत शिवला आणि तो नववीपर्यंत पुरला. शिवतानाच तिनं खालची पट्टी चार बोटं आत दुमडून टीप मारली होती. दर जूनला त्यातलं एक बोट उसवायची. उसवलेल्या भागाचं कापड गडद, वरचं ऊन आणि साबण खाऊन विटलेलं. आठवीत माझ्या स्कर्टावर तीन आडव्या रेघा होत्या, आणि हैदराबादेत नारायणगुड्याच्या त्या शाळेतली कुठलीही पोरगी त्या मोजून सांगू शकत होती की हे कापड कधीचं आहे. "वैशाली, तेरे स्कर्ट पे तो पूरी पटरियाँ बिछे वे हैं गे," असं एकीनं प्रार्थनेच्या रांगेत म्हटलं. सगळी रांग हसली. तिचं नाव, तिच्या वेणीची रिबीन, सगळं मला आठवतं. विसरायचा माझा विचार नाही.

बाबा सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानी ताके उचलायचे. आई त्याच बाजाराच्या मागच्या गल्लीत, आमच्या एका खोलीत, ब्लाउज शिवायची. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. गिऱ्हाइकाला आई अर्धा इंच माया सोडायची, आणि मला चार बोटं. चपला दोन नंबर मोठ्या, पुढे कापूस कोंबलेला. स्वेटर कोपरापर्यंत गुंडाळलेला. घरात येणारी प्रत्येक वस्तू पुढच्या कुठल्यातरी वैशालीसाठी आणलेली असायची, आणि आत्ताची वैशाली ती सांभाळत, तिच्यात अडखळत चालायची. ती पुढची वैशाली पोचेपर्यंत वस्तू फाटलेली असे.

हे मी कौतुकानं सांगत नाही. लोकांना अशा गोष्टी फार आवडतात. शेवटी पोरगी शिकली, नोकरीला लागली, की डोळे पुसून मोकळे. मी शिकले, आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे, आणि ते मी जिथे तिथे सांगते. कुणाला बढाई वाटली तर वाटो. पण त्या स्कर्टानं मला घडवलं वगैरे म्हणायला मी तयार नाही. त्या स्कर्टानं मला छळलं.

आषाढ लागला की हे सगळं वर येतं. गल्लीत देवीच्या बोनालू सणाचे डप्पू, म्हणजे डफ, वाजायला लागतात, दारोदार कडुलिंबाचे डहाळे, हळदीच्या पाण्याचा वास, देवीचा भाऊ झालेला पोतराजू चाबूक फटकारत नाचत येतो आणि पोरं किंचाळत पळतात. सगळ्यांच्या डोक्यात देवी. माझ्या डोक्यात फोनवरचा समुद्राचा नकाशा : लाट पाच फूट, दोन लाटांमधलं अंतर बारा सेकंद, वारा जमिनीकडून. आषाढात बंगालच्या उपसागराला ताकद येते. बाकी वर्षभर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर लाटा बऱ्याचदा मऊ, आळशी असतात. या दोन-अडीच महिन्यांत त्या उभ्या राहतात.

"हैदराबादेत समुद्र कुठाय?" हसायचं असेल त्यांनी इथे हसून घ्यावं. हा प्रश्न मला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, ऑफिसातल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी विचारलाय, आणि प्रत्येकाला वाटतं की तो पहिलाच. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसलं की शनिवारी सकाळी समुद्र असतो. रविवारी संध्याकाळी परत. पोहायला मी तारनाक्याला शिकले, पदवीच्या वर्षांत, क्लोरीननं डोळे लाल करून. पहिली नोकरी विशाखापट्टणमला मिळाली. दोन वर्षं सर्फिंगच्या भाड्याच्या फोमच्या फळ्यांवर पडत-आपटत लाटेवर उभं राहायला शिकले. मग बदली होऊन हैदराबादेत परत आले. समुद्र सोडला नाही. एवढंच आहे ते. त्यात चमत्कार काही नाही.

तीन वर्षांपूर्वीचा आषाढ मात्र वेगळा होता, कारण त्या आषाढात मला स्वतःचा बोर्ड निवडायचा होता. नवा, माझ्यासाठी बनवलेला. आणि मला ट्विन-फिन हवा होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : बोर्डाच्या पोटाला, शेपटीकडे, माशाच्या परासारखी पाती असतात, त्यांना फिन म्हणतात. बहुतेक बोर्डांना तीन. ट्विन-फिनला दोनच, दोन्ही कडांजवळ एकेक, मध्ये मोकळं. मधलं पातं नसल्यानं पाणी अडत नाही, मऊ लाटेतही बोर्ड सुसाट जातो. पण धरून ठेवणारंही कुणी नसतं. पाय चुकला की शेपूट सटकते. जुन्या पद्धतीचे ट्विन-फिन, ज्यांना फिश म्हणतात, रुंद, सपाट, जाडजूड असतात, सरळ रेषेत पळतात आणि वळायला कुरकुरतात. हल्लीचे परफॉर्मन्स ट्विन निराळे. शेपूट निमुळती, नाकाशी जास्त वाक, कडा पातळ, फिन उभट. ते वळतात. पण त्यासाठी तुम्हालाही वळता यावं लागतं.

आमच्या ऑफिसात अमेय आहे. पुण्याचा. मला सिनियर. सुट्टीत गोव्याला नाहीतर बाहेरच्या देशात जाऊन सर्फिंग करतो आणि सोमवारी कँटीनमध्ये त्याचं व्याख्यान देतो. माझ्याशी पहिल्याच दिवशी बोलताना म्हणाला होता, "तुमचं हैदराबादी मराठी फार क्यूट आहे हं." क्यूट कुत्र्याचं पिल्लू असतं. मी तसं त्याला म्हटलंही. तो हसला. त्याला वाटलं, हेही क्यूटच.

त्याला बोर्डाचं सांगायची चूक मी केली.

"परफॉर्मन्स ट्विन?" त्यानं डोशाचा तुकडा हातातच ठेवला. "अगं, तो एक्स्पर्टचा बोर्ड आहे. तुला पेलणार नाही."

"मी चार वर्षं पाण्यात आहे."

"हो, पण वीकेंडला. हे बघ, राग नको मानू. जाडजूड फिश घे, छान तरंगेल. मग हळूहळू ग्रो होशील तू त्यात."

ग्रो होशील. त्याच्या तोंडून ते शब्द ऐकले आणि डोशाची ती थाळी त्याच्या शर्टावर उलटी करावीशी वाटली. केली नाही. पदवीधर माणसं करत नाहीत. पण गंमत म्हणजे, गंमत कसली, लाज म्हणजे, त्याच संध्याकाळी मी घरी जाऊन काय केलं?

विशाखापट्टणमला अप्पलराजू गारू (गारू म्हणजे आपलं 'राव') म्हणून बोर्ड बनवणारे आहेत. साठीचे, कायम वैतागलेले, फोमच्या पांढऱ्या भुशात भुवयांपर्यंत माखलेले. आषाढात मोजकेच बोर्ड बनवायला घेतात, आणि त्या वर्षी एक जागा माझ्या नावची होती. त्यांनी फोनवर माहिती मागवली : वजन, उंची, उभं राहताना दोन पायांतलं अंतर, कसल्या लाटा, किती लांबी, किती लिटर. लिटर म्हणजे बोर्डाचं आकारमान. तेवढ्यावर तो तुम्हाला किती तरंगवेल हे ठरतं.

वजन मी पाच किलो वाढवून लिहिलं. लांबी चार इंच वाढवली. लिटर लिहिले चौतीस. प्रकार मात्र परफॉर्मन्स ट्विन-फिन, ठळक अक्षरांत. मला वाटलं मी अमेयला हरवलं. त्यानं सांगितलेला फिश घेत नाही, मला हवा तोच घेते, फक्त जरा वाढत्या मापाचा. नाहीतरी तेवढ्याच किमतीत फोम जास्त येतोय. सोडायचा कशाला?

दुसऱ्या दिवशी अप्पलराजूंचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"इदि एवरि कोलता, अम्मा?" हे कुणाचं माप आहे?

"नाकोसमे, गारू." माझ्यासाठीच.

मग ते त्यांच्या हिंदीत आले. "तुम्हारा नहीं है. मैं तुमको पानी में देखा है. ये कोई मोटा आदमी का है. वो आदमी आएगा क्या चलाने को?"

मी म्हटलं, थोडं सेफ राहावं म्हणून.

"सेफ होना तो नाव लो. बैठ के जाओ." आणि मग, थोड्या खालच्या आवाजात नाही, तितक्याच जोरात : "शनिवार को आओ. दो बोर्ड देता मैं, एक ये तुम्हारा मोटा आदमी का, एक तुम्हारा. दोनों चलाओ. इतवार को मैं फोम काटता. काटा तो काटा. नहीं आए तो तुम्हारा नंबर दूसरे को."

फोन बंद. मला त्या माणसाचा राग आला आणि तो राग कुठे ठेवावा ते कळेना, कारण तो बरोबर बोलत होता. बरोबर बोलणाऱ्याचा राग सगळ्यांत वाईट. रात्रीच्या भाकरीबरोबर गिळला तरी जात नाही.

शनिवारचं सांगितल्यावर घरात निराळंच पेटलं. त्या रविवारी आमच्या गल्लीचं बोनालू होतं. आमच्या घरचं बोनम, म्हणजे भाताचं ते सजवलेलं मडकं, दरवर्षी मी डोक्यावर नेते. आम्ही मूळचे उदगीरकडचे, तिकडे हे काही नाही, पण दोन पिढ्या या गल्लीत राहिल्यावर देवी आमचीही झालीय.

"देवीपेक्षा तुझं फळकूट मोठं?" आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

"यंदा तू ने."

"मी नेते की. लोक विचारतील, पोरगी कुठाय? सांगते, बुडायला गेलीय."

"सांग."

"बाईमाणसानं असं पाण्यात लोळायचं म्हणजे... आणि एवढे पैसे घालून घेतेस तर मोठं तरी घे. तो म्हातारा बारकं घे म्हणतो ते कायला? त्याचा माल वाचतो."

मला तिचं हे म्हणणं पटत होतं, हे सर्वांत वाईट. डोक्यानं नाही. हातापायांनी पटत होतं. दुकानात गेले की माझा हात अजूनही एक नंबर मोठ्या कपड्याकडे जातो. तिशी जवळ आलेल्या बाईचं अंग कुठे वाढायचंय?

पायांमधलं अंतर अजून नीट मोजलं नव्हतं. मी फरशीवर लाटेवर उभी राहते तशी उभी राहिले, गुडघे वाकवून, हात पसरून. आई बघत राहिली. तिनं मला तशी कधी पाहिली नव्हती. "ही काय माकडावाणी तऱ्हा," म्हणाली, पण टेप घेऊन खाली बसली. पायाच्या अंगठ्याशी खडूची खूण केली, दुसऱ्या टाचेशी केली, टेप लावली. मग सवयीनं विचारलं, जे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते :

"खरं लिहू का वाढतं?"

"दोन्ही लिही."

"दोन्ही कसं शिवतात गं?" आई चिडली. "मला येडं समजतेस का? एक सांग."

मी सांगितलं नाही. शुक्रवारची गाडी पकडली.

शनिवारी सकाळी समुद्र जसा हवा तसा होता आणि किनाऱ्यावर अमेय उभा होता. त्याचीही सुट्टी, त्याचाही आषाढ, किनारा काही माझ्या बापाचा नव्हता. तरी मला तो तिथे नको होता. "अरे वा, टेस्ट ड्राइव्ह?" म्हणाला. अप्पलराजूंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. दोन ट्विन-फिन वाळूत ठेवले होते. एक पाच फूट नऊ इंच, चौतीस लिटर. दुसरा पाच फूट पाच, सत्तावीस. दुसरा अगदीच एवढासा दिसत होता. आईचं वाक्य आठवलं. एवढे पैसे घालून एवढंसं.

आधी मोठा. हातानं पाणी मारायला सोपा, लाट लवकर मिळते, उभं राहायला निवांत. पहिल्या तासात सात लाटा मिळाल्या, आणि किनाऱ्यावरून अमेयनं अंगठा वर केला. पण वळायला गेले की कड पाण्यात बुडेचना. मी वजन टाकते आणि बोर्ड बुचासारखा वर ढकलतो. आणखी जोर लावला की दोन्ही फिन पाण्यातून सुटतात, शेपूट सरकन पुढे, मी मागे. पाचव्यांदा तो बोर्ड फिरून माझ्या बरगडीवर बसला. मोठा बोर्ड मला तरंगवत होता, हे खरं. तो मला कुठेही नेत होता, मी त्याला कुठेच नेत नव्हते. पाण्यात बसून बरगडी चोळताना मला ही भावना ओळखीची वाटली, आणि ती ओळख मला मुळीच आवडली नाही.

मग छोटा. त्याचं सांगायला मला अभिमान वाटावा असं फार काही नाही. तो छातीखाली बुडतो. लाट यायच्या आधीच हात मारत सुटावं लागतं, थेट तिच्या उभ्या भागात शिरावं लागतं, आणि एक क्षण उशीर झाला की ती निघून जाते. माझ्या अकरा लाटा निघून गेल्या. मी मोजल्या. माझ्या जवळून अमेय त्याच्या तीन फिनांच्या बोर्डावर जाताना ओरडला, "सांगितलं होतं ना! इगो नको आणू मध्ये!"

एक मिळाली. बारावी. उठले, पाय ठेवला, आणि नुसती मान वळवली. बोर्ड वळला. मी अजून जोर लावलाही नव्हता. पातळ कड सुरीसारखी पाण्यात गेली, दोन फिननी धरलं, आणि लाटेच्या तळाशी जाऊन मी परत तिच्या माथ्याकडे निघाले होते. मग दचकले, अर्थात पडले. नाकातोंडात पाणी. सगळं मिळून तीन सेकंद असतील.

त्या तीन सेकंदांत ज्यांनी कुणी माझ्यासाठी म्हणून काही निवडलं होतं, त्यांच्यापैकी कुणीही माझ्याबरोबर नव्हतं. ना आई, ना अमेय, ना ती पुढची, कधीच न येणारी वैशाली. मी होते, छप्पन्न किलोची, पाच फूट तीन इंचांची, घाबरलेली. मला ती आवडली. मला ती आधी भेटायला हवी होती, याचा राग अजून आहे.

बाहेर आले तेव्हा अमेय टॉवेल गुंडाळून वाट बघत होता. "मग? कळलं ना? मोठ्यावर सात लाटा, छोट्यावर एक. डेटा बघ."

"बघितला."

"मग मोठाच घे. लॉजिकल आहे."

"अमेय," मी म्हटलं, "तुझ्या बोर्डाचे लिटर किती?"

"एकोणतीस. का?"

"वजन?"

त्यानं टॉवेल आवळला. मग म्हणाला, "माझी गोष्ट वेगळी आहे."

"हो ना. नेहमीच."

माझ्याहून वीस किलोंनी जड माणूस, स्वतःसाठी एकोणतीस लिटर, आणि मला जाडजूड फिश घे, हळूहळू ग्रो हो. त्याला वाईट वागायचं नव्हतं हे मला ठाऊक आहे. मी ते त्याच्या खात्यावर जमा करणार नाही.

अप्पलराजूंच्या शेडमध्ये फोमची नवी फळी लाकडी घोड्यावर चढवून ठेवली होती, पांढरीशुभ्र, न कापलेली. त्यांनी पेन्सिल पुढे केली. "लिखो."

मी लिहिलं. पाच-पाच. सत्तावीस. वजन खरं, पायांतलं अंतर आईनं मोजलेलं, त्यात एक दोराही जास्त नाही.

"तीसरा फिन का खाँचा रखूँ बीच में?" त्यांनी विचारलं. बरेच जण ठेवून घेतात. शेपूट फारच सटकायला लागली तर मध्ये एक छोटं पातं बसवता येतं. वाईट नाही त्यात काही. "बाद में डर लगा तो?"

मला भीती तेव्हाच वाटत होती. "वद्दु," मी म्हटलं. नको.

म्हातारा पहिल्यांदा हसला. दात फोमसारखेच पांढरे. "काटा तो काटा," म्हणाला.

तीन आठवड्यांनी बोर्ड तयार झाला. तो मी तिकडे ठेवू शकले असते, पण हट्टानं हैदराबादला आणला, मला तो घरात बघायचा होता. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं चादरीत गुंडाळलेलं ते प्रकरण पाहून विचारलं, "ये क्या है बाजी, इस्त्री का टेबल?" मी म्हटलं, समुद्रात चालवायचा बोर्ड. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हौ, बराबर. हुसेनसागर में चलाते क्या? मच्छर खा जाते." भाडं मात्र दुप्पट सांगितलं. मी त्याच्याशी भांडले, तो माझ्याशी भांडला, आणि अर्धा बोर्ड बाहेर काढून आम्ही सुलतान बाजारपर्यंत एकमेकांना शिव्या देत आलो.

बाबांनी बोर्डाला हात लावला आणि वजन जोखलं, ताका जोखावा तसं. "हलकाय," एवढंच म्हणाले. आई मशीन सोडून उठली. तिनं कडेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग उलटा करून पोटाकडून. ती शिवण शोधत होती.

"जोड कुठाय याला?"

"नाही."

"मग लहान पडला तर वाढवायचा कसा?"

"नाही वाढवायचा, आई. माझं अंग वाढायचं थांबून दहा वर्षं झाली."

"तोंड वाढतंय ना अजून," ती म्हणाली. पण कडेवरचं बोट तिनं लगेच उचललं नाही. शिवणकाम करणाऱ्या माणसाला बारीक काम कळतं, रागात असलं तरी. "देवीला मडकं मी एकटीनं नेलं," असंही म्हणाली. ते ती अजून म्हणते. या आषाढातही दोनदा म्हणून झालंय. माफ केलेलं नाही, आणि मीही माफी मागितलेली नाही.

त्यानंतरचे दोन शनिवार-रविवार मी नुसती पडले. लाटा सुटत राहिल्या. खांद्याला वांग्याच्या रंगाचा डाग, हनुवटीला खरचटलेलं. सोमवारी ऑफिसात अमेय विचारायचा, "कसा आहे नवा बोर्ड?" मी म्हणायचे, "मजेत आहे, तू कसा आहेस?" खोटं बोलत होते. एका रविवारी परतीच्या गाडीत मी हिशेब... नाही, हिशेब नव्हे, शंका. शंका घेत बसले होते की सात लाटांचा निवांतपणा का सोडला. कुणी विचारलं असतं तर रडले असते. कुणी विचारलं नाही ते बरं झालं.

पोळ्याच्या आदल्या रविवारी, सकाळी, भरतीच्या वेळी, माझ्या सत्तावीस लिटरच्या ट्विन-फिनवर मी एका लाटेत तीन वळणं घेतली आणि न पडता किनाऱ्यापर्यंत आले.